सातवी फेरी

बटाट्याच्या शेतांमधून रस्ता समुद्राकडे उतरतो
तिथे गाडी थांबवून मी फाईल पुन्हा चाळते.
खरं तर गरज नसते.
क्रमांक एकशे सत्तावीस मला तोंडपाठ आहे.

पहिल्या फेरीत तो साडेसहा वर्षांचा होता.
उत्तरं त्याने टेबलाखाली बसून दिली,
म्हणून मीही खालीच बसले, मांडी घालून,
क्लिपबोर्ड गुडघ्यावर.
तो फॉर्म ज्या कागदावर छापला होता
तो कागद त्याच्या बापाच्याच मिलमधला.
हे मला फार नंतर कळलं.
कोणत्या रकान्यात लिहायचं, ते कळलं नाही.

मिल बंद पडली. बाप गेला, फुप्फुसांनी.
बाराव्या वर्षी त्याने माझ्या गाडीची काच फोडली
आणि पुढच्या फेरीत, न मागता, भरपाई दिली,
सगळी नाण्यांत.
अठ्ठ्याऐंशी क्रमांकाची मुलगी होबार्टच्या तुरुंगात भेटते.
एकशे चाळीसचा फोन लागत नाही,
त्याची आई म्हणते, आता लावू नका.
आमच्या तक्त्यात ह्याला 'गळती' म्हणतात,
जणू नळ होता तो.

आज ब्रेंट अडतीसचा. टास्मानियाच्या ह्या काठावर
छपरांना पन्हळी बसवतो.
बसतो अजून भिंतीला पाठ लावूनच.
मी विचारते, तो आकडे सांगतो.
झोप, दोन. दारू, शून्य, चार वर्षं झाली. राग...
इथे तो खिडकीबाहेर बघतो.
"चार लिहा.
काही रात्री मी शेडमध्ये झोपतो.
जोसलिनला सांगतो, कडी बाहेरून लाव."
"आणि ती लावते?"
"लावते. मग तिथेच बसून राहते, थंडीतसुद्धा.
पत्र्याआडून काहीबाही बोलत असते,
विजेचं बिल, कोंबड्या."

तेवढ्यात टिलीच्या हातून दुधाचा जग सुटला.
फरशीभर काच आणि दूध.
दचकले ती मी.
बत्तीस वर्षं हा आवाज
लोकांच्या सांगण्यातून ऐकत आलेय,
अंगात भिनलाय.
ब्रेंटचा हात वर गेला.
कशासाठी, हे कळायच्या आधीचा तो क्षण
मोजायला माझ्याकडे पट्टी नव्हती.
मग हातात फडकं दिसलं.

टिली म्हणाली, "अरेच्चा!"
आणि काचांवरून उडी मारून
मांजराला हाका मारत अंगणात पळाली,
ये, दूध आहे म्हणून.
बापाच्या चेहऱ्याकडे
तिने आधी बघितलं नाही.
नंतरही नाही.

ब्रेंट उकिडवा बसून काचा वेचू लागला.
"हं," म्हणाला, मान वर न करता, "पुढचा प्रश्न?"
पुढचा प्रश्न छत्तिसावा होता.
मीही खाली बसले, त्याच्या बाजूला.
मांडी आता घालता येत नाही मला.