जमा

आचारसंहिता लागली की तिसऱ्या दिवशी सकाळी
लष्कर ठाण्याच्या पायरीशी रिक्षा थांबायची.
आधी उतरायची फ्लॅनेलची लांब पिशवी,
मग तिला सांभाळत नौशेर दुबाश.

बाकीचे लोक बंदुका आणायचे कोयता आणावा तशा,
गोणपाटात, सुतळीनं आवळून,
एकानं तर मोटारसायकलवर आडवी टाकून.
मी नंबर वाचायचो, पावती फाडायचो,
तारेनं चिठ्ठी बांधून भिंतीशी उभी करायचो.
दुबाशसाहेब म्हणायचे, "घारे, तार नको रे बाबा,"
आणि खिशातून नाडी काढायचे,
पायजम्याची असते तशी, धुतलेली.

अमेरिकेतली, अठराशे ब्याण्णवची.
आमच्या थ्री नॉट थ्रीची मावशी शोभेल.
चापाखाली लोखंडी कडी; बोटं आत घालून
खाली ढकलायची, वर ओढायची, पुढची गोळी हजर.
त्यांनी मला एकदा स्क्रू दाखवले.
"खाचा बघ. कुणाचा पेचकस घसरलेला नाही.
शंभर वर्षांत हिला उघडून बघावंसं
एकाही माणसाला वाटलं नाही,
त्याचे मी पैसे मोजले."
नळीला आठ कोन, आठही बोटाला लागणारे,
आणि वर ती निळाई,
पिकत आलेल्या जांभळासारखी,
कडांना तपकिरी होत गेलेली.
मी विचारलं, हिनं काय काय मारलं?
"ती सांगत नाही, मी विचारत नाही.
माझ्याकडे आली तेव्हा
शिकार बंद होऊन सात वर्षं झाली होती."

एका वर्षी निकाल लांबला.
मालखान्यात उकाडा, रात्रपाळी, मी एकटा.
वाटलं, माणूस एवढा जपतो,
परत देताना लखलखीत देऊ.
पंचवीस वर्षं परेडला तेच तर शिकलो:
बक्कल, बूट, बंदूक,
साहेबाला आपलं तोंड दिसलं पाहिजे.
ब्रासोची डबी होती, जुन्या बनियनचा तुकडा होता.
तळहाताएवढी जागा घासली.
खालून पांढरं लोखंड वर आलं.
मला बरं वाटलं,
तेही सांगून टाकतो.

न्यायला आले तेव्हा नेहमीसारखी
खिडकीच्या उजेडाकडे धरली.
बराच वेळ धरली.
मी म्हणालो, थोडी साफ केली, साहेब.
"हो," म्हणाले, "दिसतंय."
सही केली. चष्मा पुसला.
चहा घेतला नाही, एवढंच.

मला कळलं ते दोन वर्षांनी,
ईस्ट स्ट्रीटच्या एका दुकानात, म्हाताऱ्या कारागिराकडून.
निळाई पुन्हा चढवता येते, हवालदार,
पण मग ती मूळची नसते.
तो कानस शोधत होता, माझ्याकडे बघतही नव्हता.

पुढच्या निवडणुकीला तीच रिक्षा, तीच नाडी.
मी माफी मागायला तोंड उघडलं,
त्यांनी मला गुडघ्याचं विचारलं.

आता मी पेन्शनीत. मार्चमध्ये ते गेले.
लायसन्स माणसाबरोबर जातं, बंदूक मागं राहते.
त्यांच्या देल्नाझचा फोन आला: काका, ठाण्यात सोबत याल?
तिच्याकडे त्यांची वही होती, मापं, नंबर, बारीक अक्षर.
स्क्रू, मूळ.
दस्ता, मूळ, एक जुना ओरखडा.
नळी, डावी बाजू, तळहाताएवढी:
घारे, लष्कर ठाणे, रात्रपाळी.
समोर किमतीचा आकडा खोडलेला.
नवा लिहिलेला नाही.

टेबलापलीकडे नवा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
त्यानं नंबर वाचला, पावती फाडली,
खण उघडून तारेचं वेटोळं काढलं.
मी म्हणालो, तार नको रे बाबा,
आणि माझेच खिसे चाचपू लागलो.