प्रतवारी

ओदवार, तुझ्या डाव्या पापणीबाबत
मी पहिल्यांदा फसले ती अशी:
मला वाटलं, तू डोळा मारलास.
ख्रिसमसच्या जेवणावर, बटाटे पुढे सरकवताना,
शहात्तराव्या वर्षी!
मी लाजले. खरंच लाजले,
आणि आठवडाभर चांगला स्वेटर घालून वावरले.

मग दिसलं, तू सगळ्यांनाच डोळा मारतोस:
पोस्टमनला, पाद्र्याला,
सहकारी दुकानातल्या वजनकाट्यालासुद्धा.

त्याआधी चार वर्षं, मार्चमध्ये,
तुझे खांदे गोठले होते.
हात बाहीत जाईना, केसांपर्यंत पोचेना.
मी तुला कपडे चढवायची, तू भिंतीकडे बघायचास.
पांढरी गोळी आली. तिसऱ्या सकाळी
वरच्या फळीवरचा कॉफीचा डबा तू स्वतः काढलास
आणि तो छातीशी धरून रडलास.

तिनेच मग हळूहळू
तुझा लांबोळका चेहरा गोल केला,
डोळ्यांखाली कणकेचे उंडे ठेवले,
पापणीची कातडी केली कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी.
चष्मा काढताना नुसतं नख लागलं
तरी दोन आठवडे जांभळं.
जिने हात वर उचलले
तिनेच पापणी खाली ओढली.
भांडायचं तरी कुणाशी?

चाळीस वर्षं तू लोफोटेनच्या मांडवांखाली
वाळलेला कॉड पारखलास.
हातात घेऊन, उजेडात फिरवून,
अंगठ्याने पोट चाचपून, नाकाशी धरून.
हा इटलीला. हा लेगॉसला. हा कुणालाच नको.
डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं;
तुझ्या बाबतीत तेल माशाचंच असणार.

बूदेच्या डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो मागितले.
मी बुटांचं अख्खं खोकं नेलं.
त्यांनी टेबलावर तुला ओळीने मांडलं:
तुरिडच्या लग्नातला तू, नव्या होडीवरचा तू,
पासपोर्टमधला, रागावलेला.
छोट्या पट्टीने पापणी मोजत गेल्या.
"इथून," म्हणाल्या, "इथून उतरायला लागली."
त्या फोटोत मी शेजारीच उभी होते.
बघत होते कॅमेऱ्याकडे.

मग आतला डोळा तपासला.
भिंगाच्या पाठीमागे ढग, दोन्हीकडे.
दाब थोडा चढलेला, रोज रात्री एक थेंब.
गोळी एकदम सोडायची नाही,
उतरायची ती चिमटी चिमटीने, आम्ही सांगू तशी.
"समजलं?"
तू विचारलंस, "कितव्या प्रतीचा?"
बाईंचे वडील जाफन्याहून आले होते,
फिनमार्कच्या कारखान्यात मासे कापायचे.
त्यांना कळलं.
"इटलीला नाही जाणार," त्या म्हणाल्या,
"पण घरी ठेवण्यासारखा आहे."

उन्हाळ्यात तू आंधळा असतोस.
मध्यरात्रीही सूर्य समुद्रावर बसलेला,
सगळीकडून पांढरं, जसं कुणी दूध सांडलंय.
तू तळघरात टोपी पुढे ओढून
जाळी दुरुस्त केल्याचं सोंग करतोस,
आणि मी कानाडोळा करते.

पण डिसेंबर आला, दुपार निळी झाली,
की तुझी बाहुली मोठी होते,
ढगाच्या कडेकडेने बघायला लागते.
गाव सूर्याची वाट बघतं, दिवस मोजतं.
तू एकटाच उलटे मोजतोस.

काल मुलं बन वाटत आली:
उद्या सूर्य येणार, उद्या!
ती गेल्यावर तू दिवा मालवलास,
अंगठ्याने डावी पापणी वर धरलीस
आणि मला खिडकीपाशी उभं केलंस,
निळ्या उजेडात. हनुवटी धरून फिरवलंस,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"मग? कुठे पाठवणार?" मी म्हटलं.

तू काही बोलला नाहीस.
वाकून
मानेपाशी नाक नेलंस.