नुक्ता

दुसऱ्या दिवशी डबी उघडली तर
एकाच पेशीची सारी लेकरं,
काही निळी, काही पांढरी.
निळ्यांना लव फुटलेली, मूत्रमार्गाची भिंत घट्ट धरणारी.
पांढऱ्या टकल्या.

प्रणिता म्हणाली, भेसळ झाली, मॅडम.
अक्षरं पुन्हा मोजली. एकही बदललेलं नाही.

अंबाजोगाईत मे महिना असा
की सदतीसवर लावलेलं इन्क्युबेटरच
बाहेरच्यापेक्षा गार.

फसीहचाचा काचसामान धुतात,
आणि सुटी झाल्यावर कँटीनमागं बसून
निजामाच्या काळातली खरेदीखतं
लोकांना वाचून देतात, एका चहावर.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
हात पुसत म्हणाले,
दात तोच असतो, बाई.
खाली एक ठिपका दिला की बे,
वर दोन दिले की ते.
घाईतला कारकून देतच नाही,
मग नातवंडं कोर्टात.

जी, ए, टी, सी.
त्यातल्या ए-वर एवढासा ठिपका.
या जागी असला तर लव,
त्या जागी असला तर टक्कल.
पेशी दुभंगते तेव्हा नवा धागा
थोडा वेळ कोराच असतो.
ठिपका देणारं आणि जागा अडवणारं,
यांतलं कोण आधी पोचलं
त्यावर लेक आईची, नाहीतर
स्वतःची.

नमुना सतरा. बाई, वय चौतीस,
वर्षात चौथ्यांदा थंडीताप.
लेबलावर लिहिलंय: शिगारे.
शिंगारेच असणार.
पेन हातात आहे,
पण आधी वॉर्डात जाऊन
तिलाच विचारते.