दाढेनं ऐकलेलं

सेलूच्या रेल्वे फाटकाजवळ, पत्र्याच्या शेडात,
मातीवरच्या शर्यतीची टू-स्ट्रोक
चार रात्री जागून जोडली.
तिसऱ्या किकला उठली,
आणि धुरामागून आवाज: टक. टक. टक.

गार आहे म्हणून वाजतंय, म्हटलं. पिस्टन फुगेल, बसेल.
तापलं. सिलिंडरवर थुंकी चुरचुरली.
टकटक तशीच.
मॅग्नेटचं झाकण काढलं. नट निर्दोष.

मुनीरचाचांचे दोन्ही कान
फटफट्यांनी कधीच खाल्ले.
त्यांनी लांब पेचकस घेतला,
टोक क्रँककेसवर टेकवलं,
लाकडी मूठ दाढेत धरली, डोळे मिटले.
मान हलली: इथं नाही.
टोक वर सरकत सरकत
सिलिंडरच्या कमरेशी थांबलं.
परभणीची गाडी शिट्टी फुंकत गेली,
त्यांना पत्ता नाही.

मग लाकडाचा कपचा थुंकत म्हणाले,
"पिनचं बेरिंग.
सगळं नवं टाकलं म्हणालास ना?"

सगळंच.
ते एक सोडून.
डिझेलमध्ये धुतलेलं, बोटावर फिरवलेलं,
चालतंय की, म्हणत बसवलेलं.
तीनशे रुपये.

मी पेट्रोल बंद केलं.
निवताना फिन्स टिकटिकत राहिल्या.
तो आवाज मात्र
बरोबर होता.