सुटलेला टाका

काइनूच्या या छोट्या संग्रहालयात
मी कोट सांभाळतो, बिल्ले देतो.
युद्ध पेटलं त्याला आज ऐंशी वर्षं,
म्हणून बँड, कर्नलसाहेब, वेलचीचे पाव.
बाहेर उणे एकोणीस.

लेम्पीबाई कोट काढत नाहीत.
भाषण सुरू झालं की त्या
तिसऱ्या कपाटापाशी.
राखाडी लोकरी हातमोजा, जोडीतला एकच:
अंगठा, तर्जनी सुटी,
उरलेली तीन बोटं एका खोळीत.
तर्जनी सुटी कशाला,
हे शाळेच्या पोरांनाही सांगावं लागत नाही.

खाली पाटी : विणणारी अज्ञात.

"तर्जनीच्या बुडाशी बघ," त्या म्हणाल्या,
"एक टाका सुटलाय.
आई म्हणाली, उसव.
मी नऊ वर्षांची, डोळे मिटत होते.
म्हटलं, कोण बघतंय?

तेवढ्या भोकातून गारठलं असेल ना बोट?
वेळेवर वाकलं नसेल.
त्यामुळे कोण गेलं, कोण वाचलं,
आमच्यातलं की त्यांच्यातलं..."

टाळ्या पडल्या. बँड उभा राहिला.

पाटी बदलायला सांगू का, मी विचारलं.
"राहू दे," म्हणाल्या,
आणि खिशातून आपले हातमोजे काढले,
दुकानातले,
पाचही बोटं सुटी.