अंगठ्याखालची ओळ

आमचं ऑफिस धुळ्यात, सहा नंबर गल्लीत,
खाली भांड्यांचं दुकान.
दिवसभर कुणी ना कुणी
बोटाच्या टिचकीनं पितळ वाजवून बघतं,
कुठं भेग आहे का.
वर आम्ही अ‍ॅप बनवत होतो.

सिकलसेलची तपासणी झालेल्यांसाठी.
रिपोर्ट फोनमध्ये राहील,
दवाखाना बदलला तरी सोबत जाईल.
पहिल्याच स्क्रीनवर मी हिरवं बटण ठेवलं होतं,
‘मी सहमत आहे’,
त्याच्या डोक्यावर सतरा परिच्छेद,
आणि ‘नाही’ तळाशी, करड्या रंगात,
उन्हात दिसणारच नाही इतकं सभ्य.

पिंपळनेरला, बाजाराच्या दिवशी,
दवाखान्याच्या ओट्यावर सुकमाबाई चौरे
फोनला हात न लावता म्हणाल्या,
“कोन कोन देखी हाई?”
डॉक्टर, मी म्हणालो.
“आनि?”
नर्स.
“आनि?”
जिल्ह्याचं ऑफिस.
“आनि तू?”
हातात चहा होता. तो मी सावकाश संपवला.

मग त्यांनी पिवळं कार्ड काढलं,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं,
आणि नव्या डॉक्टरपुढं धरलं
ते अंगठा नावावर ठेवून.
लेकीचं नाव झाकलेलं,
रक्ताची ओळ उघडी.
“डाक्टरले रगत देखनं शे, नाव कसाले?
पोरनं लगन बाकी शे.”

अंगठा देणं म्हणजे लिहिता न येणं,
अंगठा दाखवणं म्हणजे फसवणं,
एवढीच माझी भाषा.
कुणीतरी मनगट धरतं, शाईत बुडवतं,
कागदावर दाबतं, झाली संमती.
झाकणारा अंगठा
मी पहिल्यांदा पाहिला.

परतीच्या एसटीत, कुसुंब्याच्या आसपास,
आईसाठी पंचांगाचं अ‍ॅप घेतलं.
एकादशी कधी हे सांगायला
त्याला माझ्या मामाचा नंबर हवा होता.
मी ‘हो’ दाबून मोकळा.
मग बराच वेळ
स्वतःचा अंगठा बघत बसलो.

पुढचे दोन महिने लिहिण्यापेक्षा पुसणंच जास्त.
सतरा परिच्छेदांच्या पाच ओळी केल्या,
आणि त्या बोलतातसुद्धा, अहिराणीत,
आमच्या झाडू मारणाऱ्या हिरकणाबाईंच्या आवाजात.
‘नाही’ला ‘हो’एवढं केलं, शेजारी बसवलं.
खंबायत सर म्हणाले, लोक ‘नाही’च दाबतील.
दाबू दे, सर.
मग आकडे कुठून दाखवायचे?
खाली कुणीतरी पितळ वाजवलं.
आम्ही दोघंही तो नाद विरेपर्यंत गप्प.

कुलपाची किल्ली ज्याच्या त्याच्या फोनात ठेवली.
एका रात्री सगळे गेल्यावर
आमच्याच दाराला आतून-बाहेरून धक्के दिले:
जुन्या प्रती, मागची वाट,
पासवर्ड विसरल्याचं सोंग.
एक खिडकी उघडलीच.
हळूच. कुरकुर न करता.
मला घरच्यासारखं आत घेतलं तिनं.
ती बुजवेस्तोवर उजाडलं.
दुसऱ्या रात्री पुन्हा ढकलून पाहिली.

आणि एक सोय केली, जिला नाव सुचलं नाही:
ज्या ओळीवर अंगठा ठेवाल
ती ओळ समोरच्यापुरती नसते.
उचलला तरी परत येत नाही,
तुम्ही बोलावल्याशिवाय.

पोळ्यानंतर पुन्हा पिंपळनेर.
सुकमाबाईंनी आवाज दोनदा ऐकला.
“बाई तं आपलीच शे,” म्हणाल्या,
डॉक्टरला हो, नर्सला हो,
जिल्ह्याला नाही.
आणि फोन डॉक्टरपुढं धरला,
अंगठा जिथं ठेवायचा तिथं ठेवून.

मी दोन पावलं मागं उभा.
स्क्रीन माझी, बटणं माझी,
त्या पोरीचं नाव मला आजही माहीत नाही.
भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता.
दीड महिना, अडीच महिने, साडेतीन.
त्यांचं होईपर्यंत
मी तोच वाचत राहिलो.