डावी बाजू

व्हर्लिन हॉगनने आणली तेव्हा बंदूक कोरी होती,
पंप-अ‍ॅक्शन, बारा बोअर, हार्डवेअरच्या दुकानातली.
"हिच्यावर नक्षी?" मी म्हटलं. "बंदुकीपेक्षा मजुरी जड होईल."
"होऊ दे. यंदा मका बरा गेलाय."

नमुन्याला फ्रीझरमधला फेझंट दिला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धोंड्यासारखा.
तो टेबलावर वितळत गेला आणि मी घाईघाईने
एकेक पीस पोलादात उतरवत गेले.
उजवीकडे काडतूस बाहेर पडायची खाच,
तिच्याखाली मावेल तेवढाच पक्षी.
डावीकडे अख्खी टिली. पुढचा पाय उचललेला.
तारेच्या कुंपणात फाटलेला कान
विसरू नकोस, असं त्याने दोनदा बजावलं होतं.

रात्री नमुना कांद्याबरोबर शिजवून खाल्ला.

अकरा वर्षांनी बंदूक परत आली. पंप अडकत होता.
खोलली, डकोटाची धूळ काढली, तेल दिलं.
खटक्-खट्. चालू.
फेझंटच्या शेपटीची रेघ न् रेघ शाबूत.
कुत्री मात्र नाही.
कान गेलेला, पाठ गेलेली,
एक पाय तेवढा, धुक्यात मागे राहिल्यासारखा.

"पुन्हा कोरू? पैसे नकोत."

डावखुरा माणूस. दिवसदिवस गवतातून चालायचं,
बंदूक मध्यावर धरून.
आताही त्याचा तळहात तिथेच गेला,
अंगठा मागेपुढे, कान होता तिथे.
"चार हंगाम झाले टिली जाऊन," तो म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
"राहू दे. मीच पुसलीये ती."

पावतीवर मी लिहिलं:
पंप साफ केला. तेल.
डाव्या बाजूला हात लावला नाही.